लंडनचं स्थळ

गुरुवार, १२ सप्टेंबर १९७४. सायंकाळचे सहा वाजून वीस मिनिटे. सोलापूर स्थानकाच्या फलाटावर मुंबईकडे जाणारी गाडी उभी होती आणि आमच्या घरातले कोणीही एकमेकांकडे पाहत नव्हते. अप्पा ट्रंकेला बांधलेली दोरी पुन्हा पुन्हा ओढून पाहत होते. आई, आमची अव्वा, खिडकीचा गज धरून उभी होती. मी रसायनशास्त्राची पदवी पहिल्या वर्गात मिळवलेली, रंगीत छायाचित्रणाच्या रसायनाचा अभ्यास करण्यासाठी शिष्यवृत्तीवर लंडनला निघालेली; घरात एवढे शिकून एवढ्या लांब जाणारी पहिलीच. काही बोलायचे असेल तर ते मीच बोलायला हवे होते, आणि मी फलाटावरचे घड्याळ पाहत होते.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत नरसय्या आला. साखर पेठेत त्याचा फोटो स्टुडिओ. घराणे विणकरांचे, घरात तेलुगू. पण त्याने माग सोडून कॅमेरा धरला होता. प्रत्येक मुलीला तो अम्मा म्हणे. हातातला शेवंतीचा हार त्याने खिडकीतून आत दिला आणि अप्पांना विचारले, "सावकार, नवरदेव येनार न्हवं इमानतळावर घ्यायला?"

"कसला नवरदेव?"

"लंडनचा की! पोरीनंच सांगितलं मला. कुठलं स्थळ म्हनून इचारलं, तर म्हनली लंडन."

अप्पा माझ्याकडे वळले. मला स्टुडिओतला तो प्रसंग आठवला. नरसय्याने खरोखरच तसे विचारले होते आणि मी घाईत, पासपोर्टच्या कामाच्या धांदलीत, स्थळ म्हणजे ठिकाण असे समजून उत्तर दिले होते. आमच्याकडे मुलीचा फोटो काढला जातो तो दाखवायला पाठवण्यासाठी. त्याच्या दुकानात स्थळ या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

"शिकायला चाललीय ती," अप्पा म्हणाले. "दोन वर्षं."

नरसय्याने मला डोक्यापासून न्याहाळले. "आरारा! मग एवढं उजळ कशाला केलं म्या? लंडनचं स्थळ म्हनून लई पेन्सिल चालवली की वो!"

अव्वा हसली. त्या सायंकाळी कोणी हसले असेल तर ते एवढेच. गाडी हलली तेव्हा ती कानडीत "होगि बा" म्हणाली. जाऊन ये. आमच्याकडे नुसते "जा" म्हणत नाहीत. अप्पा म्हणाले, "माप डोळ्यांसमोर घाल." तेलाच्या दुकानात ते नोकरांना हेच सांगत: गिऱ्हाइकाला दिसेल असे माप घाला, पाठमोरे होऊन नको. मुलीला निरोप देताना दुसरे काही सुचले नसावे.

कुर्डुवाडी मागे पडल्यावर मी पासपोर्ट उघडला.

फोटो मी आधीही पाहिला होता, परंतु घाईत. आता डब्यातल्या दिव्याखाली धरून तपासला. नरसय्याची पद्धत मला ठाऊक होती. निगेटिव्हवर मऊ शिसपेन्सिल बारीक बारीक फिरवायची. तिथे काळेपणा वाढतो, तेवढा प्रकाश कागदापर्यंत पोहोचत नाही, आणि छापील चेहरा गोरा होतो. त्याने माझे गाल उजळले होते, नाकाची सावली काढली होती, हनुवटी निमुळती केली होती. डाव्या भुवईवरचा व्रणही नाहीसा होता. लहानपणी दुकानात तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा लागून तो झाला होता. शेजारच्या पानावर मात्र ओळखीची खूण म्हणून तोच व्रण सरकारी अक्षरात नोंदलेला होता. म्हणजे एकाच पासपोर्टात एक पान दुसऱ्याला खोटे पाडत होते, आणि त्या दोहोंच्या भरवशावर मी समुद्र ओलांडणार होते.

लंडनच्या विमानतळावरच्या अधिकाऱ्याने फोटो पाहिला, मला पाहिले, पुन्हा फोटो पाहिला. "ही तुझी बहीण आहे का?" त्याने विचारले. मी त्याला निगेटिव्ह, शिसपेन्सिल आणि प्रकाश यांविषयी सविस्तर सांगितले. शास्त्रीय स्पष्टीकरणाने संशय वाढतो, हे मला त्या दिवशी कळले. त्याने मला एका बाकावर बसवले. बरेच लोक आले, शिक्के घेऊन गेले. अखेर एक वयस्कर बाई आली, माझी हनुवटी दिव्याकडे वळवून तिने भुवईवरची खूण पाहिली आणि मान हलवली. शब्दांनी मला आत घेतले. फोटोने अडवले होते. त्या बाकावर बसून मी ठरवले, की यापुढे कोणत्याही फोटोवर विश्वास ठेवायचा नाही.

अशा मुलीला उपजीविकेसाठी फोटो छापण्याच्या प्रयोगशाळेत काम मिळावे, यातला विनोद मला उशिरा जाणवला. दुसऱ्या वर्षी, शिष्यवृत्ती पुरेना म्हणून, दक्षिण लंडनमधल्या एका लॅबमध्ये मी आठवड्याचे काही दिवस जाऊ लागले. तुमच्यापैकी जे माझ्यासारखेच बाहेर पडले, त्यांना हे पहिले काम आठवेल: लॅबचा कोट, घरी कळवण्यासारखे कामाचे नाव, आणि दिवसभर लोकांच्या सुट्ट्यांचे, वाढदिवसांचे फोटो.

रोज सकाळी यंत्र जुळवण्यासाठी एक ठरावीक फोटो छापला जाई. त्यात एक गोरी तरुणी हसत बसलेली असे. तिची कातडी बरोबर दिसेपर्यंत रंगांची चाके फिरवायची, मग दिवसभर सगळ्यांचे फोटो त्याच जुळणीवर. त्या वस्तीत जमैका, बार्बेडोस, त्रिनिदाद अशा बेटांवरून येऊन राहिलेली माणसे खूप होती. त्यांची लग्ने, बारशी, चर्चमधले रविवार आमच्याकडे धुवायला येत. छापून निघाले की पांढरे झगे, टोप्या, केक सगळे स्पष्ट. चेहऱ्यांच्या जागी मात्र काळे डाग, त्यात डोळे आणि दात. वरिष्ठांना विचारले. ते म्हणाले, "फिल्मच तशी आहे."

मी तेलवाल्याची मुलगी. कमी भरले तर डब्यात कमी होते की मापात, हे आधी पाहायचे. लॅबमध्ये डेन्सिटोमीटर नावाचे उपकरण होते. ते निगेटिव्हमधून किती प्रकाश पार जातो किंवा कागदावरून किती परत येतो ते मोजते आणि घनतेचा आकडा देते. आकडा मोठा तर जागा गडद, लहान तर उजळ. मी निगेटिव्ह मोजल्या. चेहऱ्यांत सर्व तपशील होता: गालाचा उंचवटा, कपाळावरची आठी, ओठांची कड. तो कागदावर येताना गळत होता. फिल्म निर्दोष होती; आमचे माप त्या हसणाऱ्या तरुणीचे होते.

व्हर्नाची गाठ अशीच पडली. ती मूळची बार्बेडोसची, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, दिवसा रुग्णालयात परिचारिका आणि उरलेल्या वेळात कॅमेरा घेऊन रस्त्यावर. बसथांबे, बाजार, केस विंचरण्याची दुकाने, तिथे उभी राहून ती आपल्या माणसांचे फोटो काढी. एके शनिवारी ती फोटोंचा गठ्ठा घेऊन आली आणि काउंटरवर आपटून मला म्हणाली, "आमची तोंडं पुसणारी ती तूच का?"

"पुसली गेली आहेत. कुठे ते दाखवते," मी म्हणाले आणि तिची निगेटिव्ह प्रकाशपेटीवर ठेवली. भिंग डोळ्याला लावून ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "आणि तू हे कोणालाच सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. पुरावा गोळा करते आहे."

"पुरावा!" ती हसली. "मॅडम सायन्स!" तेव्हापासून मी तिच्यासाठी सायन्सच राहिले.

लॅबने मला शनिवारी फक्त तिचे काम वेगळ्या जुळणीवर करण्याची परवानगी दिली. त्यासाठी दुसरा आदर्श फोटो हवा होता. व्हर्नाने क्लेमेंट नावाच्या म्हाताऱ्या बस कंडक्टरला गाठले. तोही बार्बेडोसचा, पंचवीस वर्षे लंडनमध्ये. तो फोटोला उभा राहीना. त्याने तीन प्रश्न विचारले: फोटो कुठे लागणार, कोण बघणार, निगेटिव्ह कोणाकडे राहणार. कॅमेरे त्यांच्या गल्लीत येत ते काही भांडण झाले तरच, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात शेजारची पोरे गुन्हेगारांसारखी दिसत. मला ते तिन्ही प्रश्न पटले. व्हर्नाने माझा फोटो मागितला होता तेव्हा मीही नेमके हेच विचारले होते, आणि उत्तरे ऐकून नाही म्हणाले होते. ती माझ्याकडून काय काढून घेईल, याचा मला अंदाज येत नव्हता.

क्लेमेंट अखेर एका अटीवर तयार झाला. टोपीवरचा बिल्ला वाचता आला पाहिजे. कारणही त्याने सांगितले. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात त्याने स्टुडिओत फोटो काढून आईला पाठवला होता. अंगात उसना कोट, समोर टेबल, हातात टेलिफोन.

"टेलिफोनला वायर होती?" मी विचारले.

त्याने चमकून पाहिले. "तुला कसं माहीत?"

नरसय्याच्या स्टुडिओतही तसाच बिनवायरचा टेलिफोन आहे. साखर पेठेतल्या कितीतरी माणसांनी तो कानाला लावून फोटो काढून घेतला आहे, आणि त्यावर कधी कोणी बोललेले नाही.

"आईला वाटलं, मी ऑफिसात साहेब झालो," क्लेमेंट म्हणाला. "मी कळवलं की बसवर आहे. तिनं उलट लिहिलं, थट्टा करू नकोस, फोटो आहे माझ्याकडे. तो उशाशी ठेवूनच ती गेली. मला ती शेवटपर्यंत ओळखत नव्हती, पोरी."

त्याच्या गालाच्या मापावर मी यंत्र जुळवले. बिल्ला वाचता येत होता. आठीही वाचता येत होती.

१९७६ च्या मे महिन्यात अव्वाचे पत्र आले. लिहिणारे अर्थातच अप्पा. नरसय्याने माझा तो फोटो मोठा करून, हाताने रंगवून, गालांवर गुलाबी छटा देऊन दुकानाच्या दर्शनी काचेत लावला होता. विजापूरकडचे एक कुटुंब लग्नखरेदीसाठी सोलापुरात आले, काचेसमोर थांबले, चौकशी करून घरी पोहोचले. मुलगा डॉक्टर. घराणे आपल्यातलेच. "स्थळ चालून आले आहे. दोन वर्षे सप्टेंबरात भरतात. परत ये," असे अप्पांनी लिहिले होते. खाली अव्वाने सांगितलेले एक वाक्य: त्यांना फोटो फार आवडला.

त्याच आठवड्यात मला पुढील संशोधनासाठी जागा देऊ केली गेली होती. तिचे उत्तर जुलैअखेरपर्यंत द्यायचे होते.

मी ते पत्र अनेकदा वाचले. अप्पांना विरोध करण्याची रीत आमच्या घरात नव्हती, आणि मला ती आणायचीही नव्हती. माझा आक्षेप निराळा होता, आणि तो अप्पांच्या भाषेत मांडता येण्याजोगा होता. त्या लोकांनी ज्या मुलीला पसंत केले होते, तिला भुवईवर व्रण नव्हता. ती नरसय्याच्या पेन्सिलीतून लंडनच्या स्थळासाठी जन्मली होती. तिच्या नावावर मला बोहल्यावर उभे करणे म्हणजे पाठमोरे होऊन माप घालणे. आणि ती मुलगी माझ्या गावात, भर रस्त्यावर, माझ्या जागी उभी होती. येणारे-जाणारे तिलाच मी समजत होते. मी क्लेमेंटच्या आईचा विचार केला. अव्वा रोज भाजीला जाताना त्याच काचेवरून जाते.

शनिवारी मी व्हर्नाला म्हणाले, "माझा फोटो काढ."

तिने डोळे बारीक केले. "सहा महिने नाही म्हणालीस. आता काय झालं? कोणी मागे लागलंय का?"

मी सांगितले. नरसय्यापासून सगळे. लंडनचं स्थळ हे तिला समजावून सांगण्यात अर्धा तास गेला, कारण ती मधेच हसून टेबलावर डोके ठेवी. मग म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडे लॅब लागतच नाही. माणसं आपली आपणच पुसतात."

मी तिच्या हातात कॅमेरा दिला.

बाजाराजवळ घरे पाडून मोकळी केलेली एक जागा होती. भोवती पत्र्यांचे उंच कुंपण. पाडलेल्या घरांत राहिलेल्या, बेटांवरून आलेल्या माणसांचे मोठे फोटो व्हर्ना त्या कुंपणावर लावणार होती, जिथे त्यांची दारे होती साधारण तिथेच. मला तिने त्याच पत्र्यांसमोर उभे केले. लॅबचा निळा कोट, विस्कटलेले केस, एक हात पत्र्यावर टेकलेला. "हसू का?" मी विचारले. "खोटं हसणार असशील तर नको," ती म्हणाली. मी हसले नाही.

दोन मोठे फोटो मी स्वतः छापले, क्लेमेंटच्या जुळणीवर. गालाची, कोटाची, पत्र्याची आणि त्यावर टेकलेल्या हाताची घनता मोजून ठेवली. एक व्हर्नासाठी. दुसरा नळकांड्यात घालून नरसय्याला पाठवला, सोबत विनंती: काचेतला काढून हा लावावा, आणि हात लावू नये. अप्पांना वेगळे लिहिले. ज्यांना मुलगी बघायची आहे त्यांनी काचेत बघावी. माप आता डोळ्यांसमोर आहे. संशोधनाच्या जागेचेही कळवले आणि उत्तराची वाट पाहत बसले.

त्या उन्हाळ्यात लंडनमध्येही गवत वाळून गेले होते. कुंपणावर फोटो लागले तो रविवार होता. चर्च सुटल्यावर टोप्या घातलेल्या बायका थव्याने आल्या आणि थबकल्या. काही जणींनी पत्र्याला हात लावून पाहिला. दोन पोलीस आले, परवानगीचा कागद मागितला, वाचला, पुन्हा वाचला. क्लेमेंट आपल्या फोटोखाली तसाच, टोपी घालून, ताठ उभा होता, जणू कोणी तपासायला येणार होते. एक म्हातारी माझ्या फोटोसमोर थांबली. मी बाजूलाच होते, तिच्या लक्षात आले नाही.

"ही कुठल्या बेटावरची?" तिने व्हर्नाला विचारले.

"सोलापूर," व्हर्ना म्हणाली.

"कधी ऐकलं नाही. लहानसं असेल."

"लहानच. आणि कोरडं ठणठणीत."

म्हातारीने मान डोलावली. "तिथलीही इकडे आली म्हणायची. बरं झालं."

मला काही दुरुस्त करावेसे वाटले नाही. मी तिच्या बोलण्यावर संशय घेण्याचा प्रयत्न करून पाहिला. घेण्यासारखे काही सापडले नाही.

अप्पांचे पत्र आले तेव्हा मुदतीचे चार दिवस उरले होते. विजापूरच्या त्या कुटुंबातले काका पुन्हा सोलापुरास आले होते. काचेसमोर उभे राहून त्यांनी नरसय्याला विचारले, "आधीची मुलगी कुठे गेली?" नरसय्या म्हणाला, "हीच की ती." ते तिथूनच निघून गेले आणि घरी आले नाहीत. पत्राच्या शेवटी एवढेच होते: "काम हाती घेतले आहेस ते पुरे कर. अव्वा विचारते, एवढी बारीक का झालीस?"

मी जागा स्वीकारली.

या वर्षी, १९७९ च्या जानेवारीत, मी प्रथमच सोलापूरला जाऊन आले. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा भरलेली होती. स्टेशनवर अव्वाने माझ्या भुवईवर अंगठा फिरवला आणि मगच जवळ घेतले. दुसऱ्या दिवशी मी साखर पेठेत गेले. काचेत मी होते, लंबगोल कापलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटीत, दोन नववधूंच्या मधोमध, निळा कोट घालून. चेहरा मात्र फिकट झालेला होता. मी पाठवला होता त्याहून स्पष्टपणे उजळ.

"नरसय्या, पेन्सिल?"

"देवाशप्पथ हात लावला न्हाय, अम्मा!"

"मग हा गोरा कसा झाला?"

"आता ते तू सांगायचं. तू शिकलीस. लोक काय म्हनत्यात ठावं हाय? नरसय्या, ही एकच पोरगी तुझ्या काचेत अशी उभी हाय, की आता भांडंल." तो हसला, मग कुरकुरत म्हणाला, "धंद्याला बरं न्हाय, पर काढला न्हाय म्या."

त्याच्यावर माझा विश्वास बसला नाही. फोटो चौकटीसकट मागून घेतला आणि लंडनला आणला.

कुंपण आता तिथे नाही. त्या जागी इमारत उभी राहिली, पत्रे काढले गेले, फोटो व्हर्नाच्या पलंगाखाली आहेत. क्लेमेंट निवृत्त होऊन बार्बेडोसला गेला आणि आठ महिन्यांत परत आला. तिथे सगळे त्याला लंडनवाला म्हणत, इथे बेटावरचा. मला विचारतात, घर कुठे? तुम्ही तिथे राहिलेले विचारता आणि माझ्यासारखे निघून आलेलेही विचारतात. ज्या रस्त्यावर मी नसताना कोणी माझ्याकडे बोट करून "हीच की ती" म्हणतो, तो रस्ता मी घर समजते. असे दोन रस्ते मला ठाऊक आहेत. पहिल्याची, साखर पेठेतल्याची, मला खात्री नव्हती.

काल प्रयोगशाळेत चौकट उघडली. गालावरचा आकडा खाली आला होता. निळ्या कोटाचाही आला होता, पत्र्याचाही. कोट उजळ करून नरसय्याचा काहीच फायदा नव्हता. हे काम साखर पेठेतल्या अडीच वर्षांच्या उन्हाचे. पण खात्री अजून बाकी होती. लंबगोलाबाहेर पुठ्ठ्याखाली झाकलेला भाग उन्हाने पाहिलेला नव्हता; तो न बदलता राहिला असेल तर नरसय्या खरा. तिथे पत्र्यावर टेकलेला माझा हात होता. छापला त्या दिवशी त्याची घनता ०.८६ भरली होती. मी उपकरण त्यावर टेकवले, काटा थांबू दिला आणि वाचले: ०.८६.